न आलेल्याचं ताट

कुरखेडा,
१७ एप्रिल २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

मी इथे मजेत आहे. बाबा तिकडे गावी, सावलीला, बरे आहेत. त्यांचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड त्याहून जास्त कुरकुरतं, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे असं समज. तुझी खुशाली कळव.

पोस्टाचं पाकीट पाहून हसला असशील. काय करू? फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की एकच टिक येऊन थांबते. पोस्टमन निदान दारापर्यंत तरी येतो, आणि तुझ्या पुण्यातल्या खोलीचा पत्ता बदललेला नाही असं मी धरून चालले आहे.

जयंतीला वाट पाहिली तुझी. मी आदल्या दिवशीच सावलीला गेले होते. बाबांनी पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. त्यांचा नाही, तुझाच, मागच्या खेपेला तू खुंटीवर विसरून गेलेला. मिरवणूक कोपऱ्यावर आली तरी बाबा दारातून हलेनात. शेजारच्या काकूंनी विचारलं, "प्रफुल नाई आला का यंदा?" तर छाती पुढे काढून म्हणाले, "त्याले टाइम कुठी हाय? म्यानेजर आदमी हाय तो. किती पोट्टे त्याच्या हाताखाली काम करून राह्यले!" मग मिरवणुकीत गेले आणि अर्ध्यातूनच परत आले. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. झालं ते सांगितलं.

आता कामाचं. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं.

आमच्या बचत गटाचं तुला थोडंफार माहीत आहे. बाया जंगलातून मोहफुलं वेचून आणतात, वाळवतात, भाजतात आणि जवस-शेंगदाणे घालून त्यांचे लाडू वळतात. अध्यक्ष गिरजाबाई कुमरे. त्यांनी डोळे वटारले की शेडमधल्या कढईचा जाळसुद्धा कमी होतो. लाडू गडचिरोलीत खपतात, नागपूरच्या प्रदर्शनात खपतात, पण प्रदर्शन काही बारा महिने नसतं. जानेवारीत तिथेच एक मॅडम आल्या होत्या, नाहीद इनामदार, पुण्याच्या. त्यांची कंपनी तिथल्या ऑफिसांना संध्याकाळच्या खाऊच्या पेट्या पुरवते आणि पेटीत काय घालायचं ते या बाई ठरवतात. एक लाडू खाल्ला, दुसरा मागून घेतला, कार्ड दिलं आणि म्हणाल्या, "मेल करा."

केला की. लगेच केला. उत्तर नाही.

दादा, तो पहिला मेल तू वाचू नयेस अशी माझी इच्छा आहे, तरी सांगते. सुरुवात "महोदया, सविनय नमस्कार" अशी. पुढे गटाची स्थापना कोणत्या पाहुण्यांच्या हस्ते झाली इथपासून सगळा इतिहास. लाडवाचं नाव अगदी खाली, जिथपर्यंत माणूस पोचतच नाही. दुसरा मेल: "माझा आधीचा मेल मिळाला का?" तिसरा गिरजाबाईंनी शेजारी बसून सांगितला: "आपले उत्तर न आल्याने आमच्या सर्व महिलांना वाईट वाटले आहे." हा पाठवल्यावर मलाच वाईट वाटलं.

तुला आठवतं? दोन उन्हाळ्यांपूर्वी अंगणात बाजेवर बसून तू मला लॅपटॉपवर तुझे मेल दाखवले होतेस. गप्प बसलेल्या गिऱ्हाइकाला बोलतं करणं हे तर तुझं रोजचं काम. तू म्हणाला होतास, "'मेल मिळाला का' हे कधीच विचारायचं नाही. त्याला मिळालेला असतो. आपण त्याला फक्त लाजवतो, आणि लाजलेला माणूस आणखी लपतो." बाबा पलीकडून ओरडले होते, "मंग का विचारायचं?" तू म्हणालास, "काहीच नाही बाबा. काहीतरी नवं घेऊन जायचं. आणि शेवटी एकच प्रश्न, ज्याला हो किंवा नाही म्हणता येईल." तेव्हा मी शेंगा सोलत होते आणि माझं अर्धंच लक्ष होतं. आता डोकं खाजवून आठवते आहे.

सोबत एका कागदावर नवा मेल लिहून पाठवते आहे. लाल पेनाने खाडाखोड कर, पूर्वी माझ्या निबंधाची करायचास तशी निर्दयपणे. परतीचं पाकीटही घातलं आहे, तिकीट लावून, पत्ता मीच लिहून. तुला फक्त चिकटवायचं आहे.

हे सगळं तुझ्या ऑफिसच्या मेलवर का नाही पाठवलं, असं विचारशील. नाही पाठवलं. कागदावर बरं वाटतं.

तुझी,
रोशनी


कुरखेडा,
१५ मे २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम. बुद्धपौर्णिमेच्या मागाहून शुभेच्छा. बाबांनी खीर केली होती. आई असताना त्यांनी कधी दूध तापवलं नाही आणि आता खिरीत वेलची किती घालायची यावर मलाच ऐकवतात.

तुझं पाकीट आलं नाही. पण हे पत्र तक्रारीचं नाही. तुझाच नियम आहे, रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून मी बातमी घेऊन आले आहे.

मेल मीच सुधारला. तुझी लाल शाई मनातल्या मनात फिरवली. वाचून बघ:

"नाहीद मॅडम, नमस्कार. जानेवारीत नागपूरच्या प्रदर्शनात आमचा मोहाचा लाडू खाऊन तुम्ही विचारलं होतं, हा किती टिकतो. तेव्हा मला नक्की सांगता आलं नाही. आता प्रयोगशाळेचा अहवाल आला आहे, सोबत जोडते. बंद डब्यात दीड महिना टिकतो. तुमच्या एका ऑफिसपुरती नमुन्याची पेटी पाठवू का? 'हो' किंवा 'नको' एवढं लिहिलं तरी चालेल. रोशनी खोब्रागडे, कुरखेडा."

बरा आहे ना? मला तर पाठवताना स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. आणि उत्तर? ना हो, ना नको.

त्या दिवशी शेडमध्ये मी तोंड पाडून फोनकडे बघत बसले होते. गिरजाबाई भाजलेली फुलं कांडत होत्या. म्हणाल्या, "का लिहून राह्यली व त्या बाईले इतकं?"

म्हटलं, "विचारून राह्यली, उत्तर काऊन देत नाई म्हणून."

मुसळ थांबलं. "आपल्या घरी कार्य हाय. कोनी जेवाले नाई आला. त तू त्याच्या दारात जाऊन 'काऊन नाई आला' म्हनशीन का?"

"नाई."

"मंग का करशीन?"

हे तर मला माहीत होतं. तुलाही माहीत आहे. पंगत उठली की जो आला नाही त्याच्या घरी ताट जातं. झाकून, गरम, कोणी काही न विचारता. आजारी असेल, रुसला असेल, कर्जात असेल, लाजला असेल, ताट जातं. आई तर ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांच्याकडेही पाठवायची आणि पुन्हा म्हणायची, मी काही बोलायला गेले नाही.

"तेच कर," गिरजाबाई म्हणाल्या आणि पुन्हा कांडायला लागल्या.

मला वाटलं, वा! तू बाजेवर बसून सांगितलेलं गिरजाबाईंनी मुसळाने सांगितलं. दर मेलमध्ये काहीतरी वाढून पाठवायचं. मी लगेच बसून ठरवलं, पुढच्या वेळी लाडू बनतानाचा फोटो पाठवायचा, त्याच्या पुढच्या वेळी आपले लाडू घेणाऱ्या गडचिरोलीच्या शाळेने काय कळवलं ते.

पण मी याचा अर्थ लावत बसले आणि गिरजाबाईंनी अर्थबिर्थ काही लावला नाही. त्या दुसऱ्या दिवशी दिसल्या नाहीत. संध्याकाळी वडशाच्या एसटीतून उतरल्या, पदराला घाम पुसत. म्हणाल्या, "धाडलं."

"काय धाडलं?"

"ताट. त्या कार्डावर पत्ता होता ना."

दादा, त्यांनी खरोखरचं ताट पाठवलं! घरचं, स्टीलचं, काठाचं. त्यात लाडू रचले, वर दुसरं ताट पालथं घातलं, फडक्यात बांधून शिवून टाकलं आणि वडशाला जाऊन कुरिअरवाल्याच्या हातात दिलं. त्याने म्हणे विचारलं, आत काय आहे? यांनी सांगितलं, जेवण. तो घेईना. मग तिथेच त्याला एक लाडू खायला घातला.

मी डोकं धरून बसले. पुण्याचं काचेचं ऑफिस, तिथल्या गेटवर फडक्यात शिवलेलं गाठोडं, आणि त्या ताटाच्या काठावर कोरलेलं नाव: "सौ. गिरजाबाई बुधू कुमरे, कुरखेडा". हे असं फक्त आपल्याकडेच होऊ शकतं. त्या बाई मला आता जन्मात उत्तर देणार नाहीत. मी माफीचा मेल लिहायला घेतला, पण काय म्हणून माफी मागायची तेच सुचेना. "आमच्या अध्यक्षांनी आपणास चुकून ताट पाठवले"?

गिरजाबाईंना मात्र काही वाटलं नाही. त्यांना एकच काळजी. "ताटं दोन्ही माह्या पोरीच्या लग्नातले हायेत. वापस आले पाह्यजेत."

पुढे काय होतं ते कळवीन. तू हसलास का? मला तुझं हसू ऐकू येत नाही म्हणून विचारते.

परतीचं पाकीट पुन्हा घातलं आहे.

तुझी,
रोशनी


कुरखेडा,
४ जून २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

उत्तर आलं. तुझं नाही, नाहीद मॅडमचं. जसंच्या तसं लिहिते:

"रोशनी, ताट मिळालं. लाडू दुपारपर्यंत संपले. आमच्याकडे सगळे विचारत आहेत की या गिरजाबाई कोण. ताटांवर नाव आहे, त्यामुळे ती ठेवूनही घेता येत नाहीत आणि परत कशी पाठवावी तेही कळत नाही. खरं सांगू? तुमचे सगळे मेल मी वाचले होते. मला लाडू आवडला होता. पण मोह म्हटलं की आमच्या वरच्या लोकांना दारूच आठवते. त्यांना काय सांगायचं हे मला ठरवता येईना, म्हणून तुम्हाला काय लिहायचं तेही कळेना. उशीर झाला तशी लाज वाटायला लागली, आणि मग राहूनच गेलं."

मी हा मेल शेडमध्ये मोठ्याने वाचला. बायांनी टाळ्या वाजवल्या. गिरजाबाई म्हणाल्या, "मंग ताट?"

मी मात्र शेवटच्या ओळीशी अडकले. घरी येऊन ती पुन्हा वाचली. वरच्यांना काय सांगायचं ते ठरेना. उशीर झाला तशी लाज वाटायला लागली. दादा, मला वाटलं हे मॅडमनी नाही, तूच लिहिलं आहेस.

मला माहीत आहे.

दोन पत्रं मी इकडचं तिकडचं लिहीत राहिले आणि हे लिहायचं टाळलं. आता सांगते. जानेवारीत प्रदर्शनावरून आले तेव्हा पहिला मेल तुलाच केला होता, तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर, की बघ, पुण्याचं गिऱ्हाईक मिळतंय. तो परत आला. 'हा पत्ता अस्तित्वात नाही.' मला वाटलं, अक्षर चुकलं असेल. पुन्हा टाइप केला. पुन्हा तेच. मग तुमच्या ऑफिसच्या नंबरवर फोन केला, तर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, ते आता इथे नसतात, पावसाळ्यापासूनच, तेव्हा बऱ्याच जणांना काढलं. म्हणजे दिवाळीच्या वेळी तू फोनवर बाबांना "टार्गेट आहे, सुट्टी नाही" म्हणालास तेव्हा नोकरी नव्हती. त्यानंतर तू फोनच उचलेनासा झालास.

तुला वाईट वाटू नये म्हणून मी माहीत नसल्यासारखं लिहीत राहिले. वाटलं, काम मागितलं की तू कामाचं तरी बोलशील. मदत मला हवी होती हेही खरंच. पण त्याहून जास्त मला तुझा आवाज हवा होता, मग तो लाल शाईतला का असेना.

नाहीद मॅडमच्या मेलने माझे डोळे उघडले. गप्प बसलेला माणूस नकार देत नसतो. त्याच्या मनात एक प्रश्न असतो, तो विचारत नाही, आणि आपण भलत्याच प्रश्नांची उत्तरं पाठवत राहतो. मी लाडू किती टिकतो ते सांगत बसले. त्यांना विचारायचं होतं, वरचे लोक दारू म्हणून हसले तर? त्याचं उत्तर मी आता त्यांना पाठवलं आहे. वाळवून भाजलेल्या फुलात नशा नसते, तसा प्रयोगशाळेचा कागद आहे, आणि इथली पोरं शाळेत जाताना हेच खाऊन जातात.

तुझा न विचारलेला प्रश्न मला माहीत आहे. बाबांना काय सांगायचं, हाच ना?

रविवारी मी सावलीला जाऊन त्यांना सांगितलं.

तू रागावशील. रागाव. रागाने तरी फोन कर.

बाबा ओट्यावर बसून त्यांचा जुना तिकिटांचा पंच पुसत होते. कंडक्टरकी सुटून किती वर्षं झाली तरी तो कपाटात ठेवत नाहीत. मी सरळच म्हटलं, "बाबा, दादाची नोकरी गेली. मागच्या पावसाळ्यातच. म्हणून तो बोलत नाही."

पुसणं थांबलं नाही. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग विचारलं, "खाऊन-पिऊन हाय का तो?"

"माहीत नाही."

"कोनाचं काही केलं का त्यानं? काही उलटंसुलटं?"

"नाही बाबा. कंपनीने बऱ्याच जणांना काढलं."

पंच दोन-तीनदा रिकामाच वाजवला. "गाडी ब्रेकडाऊन होते, बेटा. माह्या ड्युटीत कितीकदा झाली. पॅसेंजर शिव्या देते, डायव्हर खाली उतरून बोनट उघडते. पन कोनी डायव्हर गाडी सोडून जंगलात जाऊन लपत नाई." मग आत गेले. खूप वेळ आले नाहीत. मी डोकावले तर तुझा तो पांढरा शर्ट पुन्हा इस्त्री करत होते, इस्त्री केलेलाच. पाठ माझ्याकडे होती. तसेच म्हणाले, "त्याले लिव्ह, घरी याले नोकरी लागत नाई."

लिहिलं. अगदी जसं म्हणाले तसं.

आता पुढचं नीट वाच. नाहीद मॅडमना माणूस समोर हवा आहे. त्यांच्या साहेबांसमोर बसून मोहाबद्दल कोणी बोललं तर बरं, असं त्यांनी लिहिलं आहे. तारीख २४ जून, सकाळी अकरा वाजता. पत्ता आणि कागद सोबत आहेत: अन्न परवाना, अहवाल, भावाचा तक्ता. मी येऊ शकले असते. गटाच्या बैठकीत तेच ठरत होतं. गिरजाबाई म्हणाल्या, "तुहा भाऊ हाय ना पुन्यात? तो माल इकाचंच काम करते म्हनत होती तू."

म्हटलं, "हो. त्याच्यासारखं कोणाला जमत नाही."

"मंग तोच जाईन. तू इथी राह्य, लाडू कोन बांधन?"

एक बाई म्हणाली, "अन् नाई गेला त?" गिरजाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने पुढे विचारलंच नाही.

मी मॅडमना तुझं नाव कळवलं. प्रफुल खोब्रागडे, आमच्या गटातर्फे. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, किंवा काहीच म्हणाला नसतास. ताट पाठवताना कोणी विचारत नाही, भूक आहे का म्हणून.

तू गेला नाहीस तर ही संधी जाईल. आमच्या बायांची मेहनत आहे त्यात आणि माझा शब्द आहे. हे लपवत नाही. पण तू गेला नाहीस म्हणून मी पत्रं थांबवीन असं समजू नकोस. चौथं लिहीन, पाचवं लिहीन, पोस्टमनचं आणि तुझं जमेपर्यंत लिहीन. मी कोणाकडून शिकले आहे ते विसरू नकोस.

या वेळी परतीचं पाकीट घातलेलं नाही. उत्तर मला नको आहे. २४ तारखेला तू तिथे जा.

तुझीच,
रोशनी


कुरखेडा,
२७ जून २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

चोवीस तारखेला मी दिवसभर फोन हातात धरून होते. जेवताना धरला, लाडू वळताना पदराला बांधला. तुझा फोन आला नाही. मॅडमचाही मेल आला नाही. संध्याकाळी गिरजाबाई ताटांचं न विचारता माझ्यासमोर चहा ठेवून गेल्या, तेव्हा समजले की त्यांनीही आशा सोडली. रात्री तुझा खूप राग आला. पंचवीस तारीखही तशीच गेली. काल सकाळी उठून हे चौथं पत्र लिहायला घेतलं, तेव्हा त्याची सुरुवात अशी नव्हती. ते फाडलं, कारण दुपारी हा मेल आला:

"रोशनी, उत्तराला उशीर झाला, मंजुरीसाठी थांबले होते. परवा तुमचे प्रफुल आले होते. वेळेच्या बरेच आधी येऊन खाली बसले होते, असं गेटवरच्या माणसाने सांगितलं. पांढरा शर्ट घातला होता, जरा सुरकुतलेला, आणि पहिली दोन मिनिटं त्यांना बोलता येईना. मग आमच्या साहेबांनी नेहमीचा विनोद केला, 'लाडू खाऊन गाडी चालवता येईल ना?' तर ते हसले आणि म्हणाले, 'सर, दारू द्राक्षाचीही होते. मनुके खाऊन तुम्ही घरी पायी जाता का?' त्यानंतर त्यांना थांबवणं कठीण होतं. गिरजाबाईंबद्दल सांगितलं, जंगलाबद्दल सांगितलं, त्यांच्या आईबद्दलही सांगितलं. आधी एका महिन्यासाठी पेट्या घेऊन बघायचं ठरलं आहे, कागद पाठवते. ताटं त्यांच्याकडे दिली आहेत."

शेडमध्ये मी हे वाचलं तेव्हा मनुक्यांपर्यंत आले आणि पुढे वाचता येईना. रडले, दादा. सगळ्यांसमोर नाक ओढत रडले. तू माझ्याशी बोलला नाहीस, पण आईबद्दल बोललास. पुण्यात, अनोळखी लोकांसमोर. काय सांगितलंस ते मला कधीतरी सांग.

बायांनी कढई उतरवून ठेवली आणि नुसता गोंधळ घातला. गिरजाबाईंनी शांतपणे विचारलं, "ताट?"

"दादाकडे आहेत."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यांनी मुसळ उचललं. "मंग येईन तो," म्हणाल्या. एवढंच.

बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मले माहीत होतं." काही माहीत नव्हतं त्यांना. कालपासून बसस्टँडवर चकरा मारतात. विचारलं तर म्हणतात, जुने ड्रायव्हर भेटतात. नागपूरच्या गाड्या लागतात त्याच वेळेला भेटतात, हे विशेष.

तुला नोकरी शोधायची तर शोध. पुण्यात राहायचं तर राहा. आमचं हे विकायचं काम तुला करावंसं वाटलं तर कर, नाही वाटलं तर मी करीन, मला आता येतं. त्यासाठी मी तुला बोलावत नाही.

पण ताट कुरिअरने पाठवू नकोस. गिरजाबाईंनी तसं बजावलं आहे. गेलं होतं तसं कोणाच्याही हाती परत यायचं नाही, ज्याच्याकडे आहे त्याने आणून द्यायचं. ताट रिकामं परत करत नाहीत हे आईने तुलाही शिकवलं आहे, तेव्हा आता बसून विचार करू नकोस की त्यात काय घालू, माझ्याकडे काय आहे. मी तुला ओळखते, याच विचारात तू पावसाळा काढशील. काही घालू नकोस. दोन्ही ताटं बगलेत मार आणि गाडीत बस. तू दारात उभा राहिलास की ती भरलेलीच असतील.

आधी सावलीला उतर. शर्ट सुरकुतलेला असू दे, बाबा इस्त्री गरम करून बसले आहेत.

तुझं पान मांडून ठेवलेली,
तुझी लहान बहीण
रोशनी